शेवटच्या दिवसाची खुर्ची

मी वडिलांना सिंगापूरचं सर्वोच्च न्यायालय दाखवायला नेलं आणि तब्बल वीस मिनिटं एका बंद पडलेल्या इमारतीची माहिती देत उभा राहिलो.

इमारत देखणी होती, एवढं माझ्या बाजूनं नोंदवून ठेवतो. समोर पाडांगचं हिरवंगार मैदान, उंच खांब, वर घुमट. न्यायालयानं जसं दिसावं अशी आपली समजूत असते, अगदी तशीच ती दिसत होती. मी खांब दाखवले, घुमट दाखवला, पायऱ्या दाखवल्या. दार बंद होतं. तर म्हणालो, "आत सुनावणी चालू असेल. इथं शिस्त फार कडक. एकदा कोर्ट बसलं की दार बंद." हे मी कुठंही वाचलेलं नव्हतं. जुरोंग आयलंडवर आमच्या केमिकल प्लँटमध्ये काही कामं सुरू झाली की दारं लावून घेतात, त्यावरून ठोकून दिलं.

वडील उन्हात उभे होते. अंगात बंद गळ्याचा क्रीम रंगाचा कोट, पायात सकाळी स्वतः पॉलिश केलेले बूट. माझं सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाबू," ते म्हणाले, "कोर्टाचं दार बंद नसते. न्याय उघड्या दारानं करतात. आणि वकील कुठं आहेत? एक तरी काळा कोट दिसून राहिला का तुला?"

मला दिसत नव्हता. एक माळी तेवढा दिसत होता, आणि तो पाणी घालत होता.

घरी फोन लावला. मार्चची आठवडाभराची शाळेची सुट्टी होती, त्यामुळे बारा वर्षांच्या मुलीनं फोन उचलला. मी कुठं उभा आहे ते सांगितलं. पलीकडून आधी एक दीर्घ उसासा आला, मग तिचं सिंगापुरी इंग्रजी.

"पप्पा, दॅट वन ओल्ड वन लाह! क्लोज्ड ऑलरेडी! नवीन मागे आहे. द यूएफओ वन."

"यूएफओ म्हणजे?"

"उडती तबकडी, पप्पा. बिल्डिंगच्या डोक्यावर आहे. आम्ही स्कूलमधून गेलो होतो. आय टोल्ड यू यस्टरडे, व्हॉट!"

मी मान वर केली. घुमटाच्या मागे खरंच एक भली मोठी तबकडी आभाळात टेकलेली होती. वीस मिनिटं ती माझ्या डोक्यावर होती आणि मी खांब दाखवत होतो.

एरवी ही चूक हसण्यावारी गेली असती. त्या दिवशी तिची भीती वाटली, कारण घड्याळात पावणेबारा झाले होते. दुपारच्या सुट्टीपर्यंत कोर्ट बसलेलं असेल. त्यानंतर पुन्हा बसेल की त्या दिवसापुरतं उठेल, मला ठाऊक नव्हतं. वडिलांचं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं. आणि त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. कडेचं दिसणं कधीच गेलेलं. आता ते जग नळीतून पाहिल्यासारखं पाहत. डॉक्टर म्हणाले होते, उरलंय ते सांभाळा, गेलंय ते येणार नाही. सहा आठवडे ते आमच्याकडे होते. त्यांना प्राणिसंग्रहालय नको होतं, केबल कार नको होती. एकच मागणं होतं: "कोणत्याही देशाचं असो, पण सगळ्यात वरचं कोर्ट बसलेलं एकदा पाहायचं आहे. डोळे आहेत तोवर." मी आज नेतो, उद्या नेतो करत, शेवटच्या दिवसासाठी ते ठेवलं होतं. रजा मिळत नाही, हे कारण. खरं म्हणजे सुचलं नाही, हे कारण.

वडील विदर्भातल्या हायकोर्टाच्या खंडपीठात चोपदार होते. चोपदार म्हणजे न्यायमूर्तींच्या पुढं चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालणारा माणूस. पांढरा लांब कोट, लाल पट्टा, डोक्याला फेटा. न्यायमूर्ती चेंबरमधून निघाले की पुढं चोपदार; व्हरांड्यातले वकील, पक्षकार, पोलीस, सगळे भिंतीला पाठ लावून उभे. लहानपणी एकदाच मी ते पाहिलं. डबा द्यायला गेलो होतो. वडील माझ्यासमोरून गेले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, ही सगळी माणसं माझ्या बापाला घाबरून भिंतीला चिकटलीत. मागं एक न्यायमूर्तीही चालत होते, हे मला घरी गेल्यावर आईनं सांगितलं.

पण काठी हा दिखाव्याचा भाग. खरं काम खुर्चीचं. न्यायमूर्ती मंचावर आले, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला की बसताना मागून खुर्ची पुढं सरकवायची. उठताना मागं ओढायची. ऐकायला सोपं वाटतं. मी घरी जेवणाच्या टेबलाशी करून पाहिलं. वडील आल्यापासून त्यांची खुर्ची मीच सरकवत असे. डोळ्यांमुळे त्यांना टेबलाचा अंदाज येत नसे, आणि आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमधल्या त्या खुर्च्या जड लाकडी, त्यांचे पाय नेमके चटईत अडकायचे. पहिल्याच दिवशी मी खुर्ची अशी सरकवली की वडिलांची छाती टेबलाला लागली आणि वरण सांडलं.

"ढकलायची नाही," ते म्हणाले. "गुडघ्यामागं टेकवायची. माणसाला कळलं पाहिजे का खुर्ची आली आहे, पण कुणी आणली ते कळू नये."

"मामाजी, यांना गाडीचा दरवाजासुद्धा हळू लावता येत नाही," बायको म्हणाली. "न्यायमूर्ती वाचले म्हणायचे."

बायकोला वडिलांच्या सगळ्या गोष्टी माझ्यापेक्षा जास्त पाठ होत्या. मी बारा-बारा तास कामावर; ती पाया लेबारच्या ऑफिसातून सहाला घरी यायची आणि भाजी निवडता निवडता त्यांचं ऐकायची. त्या खंडपीठाची एक रीत होती, तीही तिनंच मला पहिल्यांदा नीट समजावून सांगितली. माझ्या बापाच्या नोकरीतली गोष्ट, आणि सांगणार सून.

रीत अशी. न्यायमूर्तींचा निवृत्तीचा दिवस आला की मोठ्या दालनात सगळे जमतात. भाषणं होतात, वकील रडवेले होतात, काही खरोखरचे, काही सवयीनं. न्यायमूर्ती चार शब्द बोलतात. सकाळपासून चोपदारानं खुर्ची रोजच्यासारखीच सरकवलेली असते, ओढलेली असते. पण त्या दिवशीच्या अखेरच्या उठण्याला चोपदार खुर्चीला हात लावत नाही. दोन पावलं मागं उभा राहतो. न्यायमूर्तींनी आपली खुर्ची आपण मागं सारायची आणि उठायचं. कुठं लिहिलेलं नाही. कुणी सुरू केलं, कुणाला ठाऊक नाही. जुन्या चोपदारानं नव्याला सांगायचं, एवढंच.

"काहून ओढायची नाही?" असं वडिलांनी आपल्या म्हाताऱ्या चोपदाराला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "आपण ओढली तर आपण त्याला उठवलं असं होते. न्यायमूर्तीला कुणी उठवायचं नसते."

आमच्या घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी राज्यघटनेची प्रत असते, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांची तसबीर. वडिलांना घटनेतली न्यायमूर्तींच्या वयाची कलमं पाठ. साठला चोपदार, बासष्टला हायकोर्ट, पासष्टला सुप्रीम कोर्ट, हे ते पाढ्यासारखं म्हणत. "साठ सरकारनं ठरवलं. बासष्ट आणि पासष्ट घटनेनं. मोठ्यातला मोठा माणूस असो, तारीख आली का उठायचं. राजाला तारीख नसते, म्हणून तर राजा नको झाला."

त्यांनी अकरा न्यायमूर्तींच्या शेवटच्या दिवसाला दोन पावलं मागं उभं राहून दाखवलं होतं. बारावे राहिले.

त्या बाराव्यांना ते नुसतं साहेब म्हणत. नऊ वर्षं त्यांच्या पुढं चालले. बासष्टला सहा महिने उरले असताना साहेबांना दिल्लीचं, सुप्रीम कोर्टाचं बोलावणं आलं. म्हणजे पासष्टपर्यंत, आणखी साडेतीन वर्षं. साहेब वडिलांना म्हणाले, सोबत चला. बंगल्यामागं खोली मिळेल, कोर्टात कामाचं मी बघतो. वडिलांनी नाही म्हटलं. घरात मुलाची बारावी होती.

तो मुलगा मी. माझ्या बारावीसाठी वडिलांनी देशातलं सर्वांत मोठं न्यायालय सोडलं, आणि मी छप्पन्न टक्के मिळवले. यावर अधिक बोलत नाही.

तर अशा माणसाला घेऊन मी बंद दारासमोर उभा होतो.

नवी इमारत फार लांब नव्हती, पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या आणि नळीतून पाहणाऱ्या माणसाला कोपराला धरून चालवायचं म्हटलं की प्रत्येक फूटपाथची कड म्हणजे एक मुकदमा. मी घाई करत होतो. ते करत नव्हते.

"बाबा, थोडं लवकर."

"चोपदार पळत नसतो, बाबू. चोपदार पळाला तर मागच्याला पळावं लागते."

आत काच, दगड आणि थंडगार हवा. सामान तपासणीच्या यंत्रातून त्यांचा कोट गेला, चष्म्याची डबी गेली, आतल्या खिशातलं एक जुनं निळं अंतर्देशीय पत्र गेलं. ते त्यांनी परत घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. मी तेव्हा विचारलं नाही. मला लिफ्ट शोधायची होती.

लिफ्टमध्ये वडिलांनी विचारलं, "इथं किती वर्षं बसतात हे लोक?"

हे मला माहीत होतं. मुलीनं शाळेच्या सहलीवरून एक माहितीपत्रक आणलं होतं आणि ते मी वाचलं होतं. फक्त पत्ता वाचला नव्हता. "पासष्ट," मी म्हणालो. "आपल्यासारखंच."

वडिलांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं, जणू परक्या गावात कुणी आपल्या आळीचा भेटावा. "पासष्ट! इथंही?"

"हो. पण एखाद्याला त्यानंतरही ठरावीक मुदतीसाठी ठेवून घेता येतं."

"मुदतवाढ," ते म्हणाले. विचारात पडले. "कामाचा म्हातारा घरी काहून पाठवायचा, हेही खरं आहे. पण मग त्याचा शेवटचा दिवस कोणता समजायचा?"

"अमेरिकेत तर मरेपर्यंत बसता येतं."

"मरेपर्यंत?" लिफ्टचं दार उघडलं तरी ते हलले नाहीत. "मग चोपदारानं काय करायचं? रोज खुर्ची ओढायची का नाही ओढायची? त्याला कसं कळणार का आज शेवटचा आहे?"

मी आजवर या प्रश्नाकडे घटनेच्या, कायद्याच्या, राजकारणाच्या अंगानं पाहणारे लेख वाचलेत. चोपदाराच्या अंगानं तो कुणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही.

दालनाचं दार जड होतं. आत शिरताना वडिलांनी कंबरेतून नेमकं एवढंसं वाकून मंचाला नमस्कार केला. मी घाबरून हात जोडले, वाकलो, आणि वर पाहिलं तर एक वकील माझ्याकडे असा पाहत होता की जणू मी देवळात आलोय.

खरं सांगायचं तर तसंच वाटत होतं. बाहेर एवढं शहर, मोटारी, माणसं. आत आवाज म्हणून फक्त एका वकिलाचा, तोही घरात आजारी माणूस असावा तसा. लाकडी भिंती. समोर उंचावर तीन न्यायमूर्ती, काळ्या झग्यात. मधले सगळ्यांत वयस्क, केस पूर्ण पांढरे. जहाजाच्या कुठल्याशा करारावरून वाद चालला होता. मधले न्यायमूर्ती एखादाच प्रश्न विचारत, दोन-चार शब्दांचा, आणि तो वकील, मोठा नावाजलेला असावा, शाळेतल्या पोरासारखा कागद चाळू लागे. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एवढी ताकद आणि एवढा हळू आवाज मी एकत्र कधी पाहिला नव्हता. आमच्या प्लँटमध्ये जितका अधिकार मोठा तितकी आरडाओरड मोठी.

मी मागच्या बाकावर बसलो. वडील बसले नाहीत. भिंतीपाशी ताठ उभे राहिले, हात बाजूला, हनुवटी वर. तिथली एक कर्मचारी मुलगी लगबगीनं आली आणि कुजबुजली, "अंकल, प्लीज सिट."

वडील तिला इंग्रजीत म्हणाले, "स्टँडिंग. नो प्रॉब्लेम."

ती माझ्याकडे पाहू लागली. मी वडिलांच्या कानाशी लागलो. "बाबा, बसा ना."

"कोर्टात मी बसत नसतो."

"इथं उभं राहायचा नियम नाही."

नियम म्हटल्यावर त्यांचा इलाज खुंटला. बाकाच्या अगदी काठावर टेकले, म्हणजे बसल्याचा पुरावा होईल एवढेच. आयुष्यभर कोर्टात गेलेला माणूस, आणि कोर्टात पहिल्यांदा बसत होता, परक्या देशात, पंचाहत्तरीनंतर.   

थोड्या वेळानं कुजबुजले, "चोपदार कुठं आहे?"

"इथं चोपदार नसतो बहुतेक."

"मग खुर्ची?"

मी खांदे उडवले. त्यांनी मान वळवून वळवून ती नळी मंचावर नेमकी लावली. आता त्यांना तीन न्यायमूर्ती एकदम दिसत नव्हते. भिंतीवरचं राजचिन्हही दिसत नव्हतं. एका वेळी एकच काहीतरी दिसत होतं, आणि ती मधल्या न्यायमूर्तींची खुर्ची होती, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. वीस मिनिटं त्यांनी ती खुर्ची सोडली नाही. समोर जहाजाचा करार बुडो की तरो.

मग मधल्या न्यायमूर्तींनी हातातलं पेन खाली ठेवलं. एवढंच. वडील त्याच क्षणी उभे राहिले. "पेन ठेवलं का उठतात," ते नंतर म्हणाले. मागाहून पुकारा झाला आणि सगळं दालन उठलं.

मी न्यायमूर्तींकडे पाहायला हवं होतं, पण माझं लक्ष वडिलांच्या उजव्या हाताकडे गेलं. तो थोडा पुढं आला होता. बोटं वाकलेली, खुर्चीच्या पाठीवर ठेवावीत तशी. समोर पांढऱ्या केसांच्या न्यायमूर्तींनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले, जोर दिला, उठले, एका हातानं आपली खुर्ची मागं सारली. डावीकडच्यांनी सारली. उजवीकडच्यांनी सारली. तिघांनी वकिलांना नमस्कार केला आणि आतल्या दारानं निघून गेले. त्यांच्या पुढं काठी घेऊन कुणीच चाललं नाही.

वडिलांची बोटं आधी घट्ट मिटली. मग एकेक करून उघडली. मग हात खाली आला.

दालन रिकामं झालं तरी ते उभेच होते. ती मुलगी पुन्हा येऊ लागली. मी तिला खुणेनं थांब म्हटलं, आणि तिलाही काय वाटलं कुणास ठाऊक, ती दाराशी नुसती उभी राहिली.

खाली आल्यावर मी त्यांना सावलीतल्या एका दगडी कट्ट्यावर बसवलं. पाण्याची बाटली दिली. ती त्यांनी नुसती हातात धरली.

"आपली आपण सारली," ते म्हणाले.

"हो."

"तिघांनीही."

"हो बाबा."

"रोज असंच असते का?"

"असणारच. कुणी नाहीच ना ओढायला."

 समोरून वकील जात होते, काळे कोट हातावर टाकून, जेवायला. मग वडील हळूच म्हणाले, "म्हणजे यांचा रोजच शेवटचा दिवस."

मी इंजिनिअर माणूस. मला वाक्यं कळायला वेळ लागतो. हे लगेच कळलं, आणि कळल्यावर काय करायचं ते कळेना, म्हणून मी त्यांच्या हातातली बाटली घेऊन त्यांचंच पाणी पिऊन टाकलं.

त्यांनी कोटाच्या आतून ते निळं पत्र काढलं. "वाच. मला आता अक्षर लागत नाही."

घडीवर फाटलेलं. साहेबांचं, दिल्लीहून, पासष्ट भरली त्या दिवशी लिहिलेलं. मी कधी पाहिलं नव्हतं. चारच ओळी होत्या. आज निवृत्त झालो. इथल्या चोपदाराला आपली रीत ठाऊक नव्हती, त्यानं शेवटीही खुर्ची ओढली. तुम्ही असतात तर उठणं सोपं गेलं असतं. मुलगा इंजिनिअर झाला का?

शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली नाही. वडिलांना ती पाठ होती. "पुढचं वाच," म्हणाले. वाचली.

"तुम्ही उत्तर पाठवलंत?"

"पाठवलं ना. लिहिलं, होऊन राहिला. खोटं काहून लिहू?" त्या वर्षी माझे दोन विषय राहिले होते.

मग म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटे, त्या दिवशी मी तिथं पाहिजे होतो. माझ्यामुळं साहेबांना कुणीतरी उठवलं. अकरा जणांना मी आपल्या पायानं उठू दिलं, आणि जो सगळ्यात वर गेला त्यालाच नाही." त्यांनी पत्राची घडी जुन्याच घड्यांवर घातली. "पण साहेब तर एकटे उठणारेच होते. खुर्ची कोणी का ओढेना. ह्या लोकांसारखे. ते मला आज दिसलं."

"बाबा," मी म्हणालो, आणि हे मला तीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, पण तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो आणि माझ्याकडे सुचण्यासारखं काही नव्हतं, "तुम्ही दिल्लीला जायला पाहिजे होतं."

त्यांनी नळी माझ्या तोंडावर आणली. मला नीट पाहिलं.

"गेलो असतो तर तू त्या बंद इमारतीसमोरसुद्धा उभा नसतास," ते म्हणाले. "चल. भूक लागली."

त्या संध्याकाळी बायकोनं त्यांच्या आवडीचं केलं होतं, पाटोड्या आणि भाकरी. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. बंद इमारतीपाशी मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला, "ट्वेंटी मिनिट्स, पप्पा!" असं ती दर दोन घासांनी म्हणत होती. मग पुढचं सांगितलं. "आजोबा, यू स्टूड एव्हरी डे? होल डे?" तिनं विचारलं. आजोबा म्हणाले, होल डे.  बायकोनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक पाटोडी वाढली.

जेवण झालं. उद्या सकाळी विमान. वडिलांनी पेन ठेवावं तसा चमचा ताटाच्या कडेला ठेवला. मी सवयीनं उठून त्यांच्या मागं गेलो, आणि तिथं एकदम माझ्या अंगात दुपार संचारली. मला वाटलं, आज नाही. आज आपण ती रीत पाळावी. मुलाकडून बापाला याहून मोठा मान काय असणार? मी दोन पावलं मागं सरलो, हात बाजूला घेतले, हनुवटीही थोडी वर केली असेन. मला स्वतःच्या समजूतदारपणानं भरून आलं होतं.

वडिलांनी टेबलाला हात टेकले. जोर दिला. खुर्चीचा पाय चटईत अडकला होता, ती हलेना. त्यांनी पुन्हा जोर दिला. ते बिचारे मागं हातानं चाचपू लागले, खुर्ची आली का, कुणी आहे का.

बायकोनं ताटं उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं.

"अहो, पुतळ्यासारखे उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "ओढा ती खुर्ची. उद्या फक्त घरी चाललेत ते. शेवटचा दिवस नाहीये त्यांचा."